दुसऱ्या अर्थाचा इतिहास : तमाशाची बतावणी आणि दादा कोंडके यांचे चित्रपट

१

दादा कोंडके (१९३२–१९९८) यांच्या चित्रपटांविषयी मराठीत जे लिहिले-बोलले गेले त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिला प्रकार निषेधाचा. अचकट-विचकट, पांचट, सवंग ही त्याची ठरलेली विशेषणे. अभिरुचीचा ऱ्हास हा त्याचा ठरलेला निष्कर्ष. दुसरा प्रकार गौरवाचा. तो तुलनेने अलीकडचा असून ‘बहुजनांचा विनोद’, ‘मातीतला विनोद’ अशा शब्दांत पहिल्या प्रकारच्या शिष्टपणाचे माप त्याच्या पदरात घालतो. या दोन भूमिका एकमेकींविरुद्ध उभ्या दिसत असल्या तरी त्यांच्यात एक साम्य आहे. हा विनोद नेमका कसा घडतो, तो कोणत्या परंपरेतून आला आणि पडद्यावर येताना त्याचे काय झाले, हे प्रश्न दोन्हींनाही फारसे पडत नाहीत. निषेधकाला विनोद ऐकण्यापूर्वीच तो कळलेला असतो आणि गौरवकर्त्याला तो ऐकण्याची गरज वाटत नाही. प्रेक्षकांची संख्या पुरेशी वाटते.

ही संख्या दुर्लक्षिण्यासारखी नव्हती हे खरे. ‘सोंगाड्या’पासून (१९७१) पुढे ‘एकटा जीव सदाशिव’ (१९७२), ‘आंधळा मारतो डोळा’ (१९७३), ‘पांडू हवालदार’ (१९७५), ‘तुमचं आमचं जमलं’ (१९७६), ‘राम राम गंगाराम’ (१९७७), ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’ (१९७८) अशी रांग लागली. कोंडके यांच्या नऊ चित्रपटांनी पंचवीस आठवड्यांचा पल्ला गाठल्याची नोंद गिनीज बुकाच्या हवाल्याने सर्वत्र सांगितली जाते. परंतु लोकप्रियता ही स्पष्टीकरणाची सामग्री असते, स्पष्टीकरण नव्हे. एकाच नटाचा, एकाच जातीचा विनोद एका दशकात एवढा जिवंत का वाटला आणि पुढच्या दशकात तोच विनोद स्वतःची नक्कल का करू लागला, याचे उत्तर प्रेक्षकांच्या आकड्यांत सापडत नाही. ते विनोदाच्या रचनेत शोधावे लागते.

२

संस्कृत साहित्यशास्त्राला हा प्रश्न अपरिचित नव्हता. भरताने हास्याचे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे सहा भेद केले आणि ते उत्तम, मध्यम व अधम प्रकृतीच्या पात्रांना दोन-दोन असे वाटून दिले. हास्यरस मुख्यतः स्त्रिया आणि नीच प्रकृतीची पात्रे यांच्या ठिकाणी आढळतो, असेही त्याने नोंदविले आहे. हसण्याची प्रत आणि हसणाऱ्याची सामाजिक प्रत यांची सांगड अशी प्रारंभापासूनच घातलेली दिसते. मराठीत ‘ग्राम्य’ हा शब्द दोषवाचक म्हणून रूढ झाला तो याच वारशातून. गावाचे ते ग्राम्य आणि ग्राम्य ते हीन, हा प्रवास शब्दाच्या पोटातच उरकला जातो.

तरीही मम्मटासारख्या शास्त्रकाराची दृष्टी त्याच्या मराठी वारसदारांपेक्षा अधिक लवचीक होती. ‘काव्यप्रकाशा’त अश्लीलाचे व्रीडा, जुगुप्सा आणि अमंगल यांवर आधारलेले तीन प्रकार सांगून झाल्यावर, हाच दोष काही प्रसंगी गुण ठरतो असे तो म्हणतो, आणि त्याचे उदाहरण देताना कामशास्त्रातील एका संकेताचा आधार घेतो. प्रणयाच्या गोष्टींत गुप्त विषय दोन अर्थांच्या शब्दांनी सुचवावा, असा तो संकेत आहे. येथे महत्त्वाचे आहे ते असे, की द्व्यर्थी शब्दाचे मोल शब्दात ठरत नाही. तो कोण, कोणाशी, कोणत्या प्रसंगी बोलतो यावर ठरते. द्व्यर्थी विनोद हा संबंधांचा विनोद असतो. त्याचा इतिहास लिहावयाचा तर बोलणारा आणि ऐकणारा यांच्यातील बदलत्या संबंधांचा इतिहास लिहावा लागतो.

मराठीला दोन अर्थांची सवय फार जुनी आहे. एकनाथांच्या भारुडात विंचू चावतो, जोगवा मागितला जातो, सासुरवाशीण गाऱ्हाणे गाते. वरचा अर्थ संसाराचा, आतला अध्यात्माचा. श्रोत्याने वरून आत, आणि त्याच वेळी खालून वर जावे अशी ती योजना आहे. तमाशाच्या गौळणीत हीच वाट उलट्या दिशेने चालली जाते. कृष्ण, पेंद्या, मावशी आणि मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी यांची कथा भक्तिपरंपरेने मान्य केलेली असते. दूध, दही, लोणी, घागर हे शब्द निर्मळ असतात. आणि प्रेक्षक त्यांतून देहाकडे उतरतो. दोन्ही ठिकाणी एक अट समान आहे. पहिला अर्थ स्वतःच्या पायांवर उभा असला पाहिजे. विंचू खरोखर चावला पाहिजे आणि गौळणीला खरोखर बाजारात जायचे असले पाहिजे. पहिला अर्थ पोकळ झाला की दुसऱ्यालाही टेकायला जागा उरत नाही.

३

गण, गौळण, बतावणी आणि वग या तमाशाच्या क्रमात सोंगाड्याचा खरा मुलूख बतावणीचा. तेथे लिखित संहिता नाममात्र असते. गावातला ताजा प्रसंग, समोर बसलेला पाटील, फौजदाराची मिशी, सावकाराचे व्याज यांपैकी काहीही त्याच्या तोंडी येऊ शकते. या मोकळिकीमुळे बतावणीत दोन प्रकारचे बोलणे एकमेकांत मिसळलेले असे. एक देहाविषयीचे, दुसरे सत्तेविषयीचे. देहाच्या विनोदावर हसताना प्रेक्षकाची जी भीड चेपते, तिच्या आडोशाने सत्तेवरचा टोला निसटून जाई. आणि सत्तेवरच्या टोल्यामुळे देहाच्या विनोदाला नुसत्या चावटपणापलीकडचे वजन येई. सोंगाड्याची ताकद या मिश्रणात होती.

या परंपरेवर आक्षेप केवळ वरून आले असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा उचलला, पण शृंगार आणि अचकट-विचकट बोलणे वगळले; आंबेडकरी जलशांनी स्त्रीचे नाचणेच रंगमंचावरून काढून टाकले. ज्या जातींतील स्त्रियांच्या नाचण्यावर हा हशा उभा होता, त्याच जातींमधून हा नकार आला होता, आणि त्यामागे शिष्ट अभिरुची नसून स्वाभिमान होता. शर्मिला रेगे यांनी १९९५ मध्ये लावणी-कलावंतांसंबंधी केलेल्या मांडणीत आणि शैलजा पाईक यांनी २०२२ च्या ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ या ग्रंथात याच जागेवर बोट ठेवले आहे. पाईक यांनी अश्लील, अस्सल आणि माणुसकी या तीन मराठी शब्दांभोवती केलेला विचार येथे विशेष उपयोगी पडतो. ज्याला एक वर्ग अस्सल म्हणून कुरवाळतो त्यासाठी दुसऱ्या वर्गातील स्त्रीला अश्लील ठरावे लागते, आणि तिची माणुसकीची मागणी या दोहोंच्या बाहेर राहते. ‘मातीतला विनोद’ म्हणणाऱ्या गौरवपर समीक्षेला हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही.

शासनाचा हस्तक्षेप मात्र वेगळ्या जातीचा होता. खेर मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई प्रांतात तमाशावर बंदी आली, पुढे सुधारणेसाठी समिती नेमली गेली, आणि परवानगी मिळाली ती संहिता तपासून घेण्याच्या अटीवर. तमाशाचे ‘लोकनाट्य’ झाले ते याच काळात. पु. ल. देशपांडे, व्यंकटेश माडगूळकर, वसंत सबनीस यांच्यासारखे लेखक या प्रकाराकडे वळले आणि शाहीर साबळे यांनी मुक्तनाट्याचा प्रयोग केला. लेखकाची संहिता आली, तसा विनोद नेटका झाला. पण बतावणीची मोकळी जागा किती राहणार, हा प्रश्नही त्याबरोबर आला.

४

या प्रश्नाचे सर्वांत समर्थ उत्तर वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने १९६५ मध्ये दिले. राज्याचा कोतवाल मरतो, त्या जागेवर डोळा ठेवून बसलेल्या हवालदाराला डावलून राजा भलत्यालाच नेमतो, आणि हवालदार मैनावतीच्या साहाय्याने नव्या कोतवालाला जाळ्यात ओढतो. मैनावती मागणी करते ती राजाच्या छपरी पलंगाची. पलंग ही वस्तू येथे फार नेमकी निवडलेली आहे. तो कोतवालाच्या वासनेचा विषय आहे आणि राजसत्तेची खूणही आहे. त्याची चोरी हा शृंगारातला हट्ट आहे आणि राजद्रोहही. देहाचा आणि सत्तेचा विनोद एका वस्तूत आणून बांधण्याचे हे कसब लेखकाचे. हवालदाराच्या भूमिकेत कोंडके रोजच्या बातम्या, पुढारी आणि सरकार यांवर प्रयोगागणिक जी नवी भर घालीत, तो बतावणीचा उरलेला हक्क. संहिता आणि उत्स्फूर्तता यांचा असा समतोल मराठी रंगभूमीवर क्वचित साधला आहे.

मैनावतीचे स्थानही लक्षात घेण्याजोगे आहे. दोन्ही अर्थ तिला ठाऊक असतात. कोणता शब्द कोणाला कसा लागेल याचा हिशेब तिच्याकडे असतो. फसतो तो कोतवाल. गौळणीतही मावशी आणि गौळणी पेंद्याला उत्तर देतात आणि सवाल-जबाबात तर स्त्रीचे वाक्चातुर्य हाच खेळ असतो. स्त्रीदेहाचे प्रदर्शन तमाशात होते, त्याच्या तळाशी जातीची सक्ती होती, हे सारे मान्य करूनही असे म्हणावे लागते की भाषेवरचा ताबा तेथे स्त्रीकडे राहू शकत होता. चित्रपटांत या ताब्याचे काय झाले हा पुढचा प्रश्न आहे.

५

भालजी पेंढारकर यांच्या ‘तांबडी माती’तून (१९६९) पडद्यावर आलेल्या कोंडके यांनी ‘सोंगाड्या’ची निर्मिती केली तेव्हा लेखन सबनीसांचे आणि दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी यांचे होते. आईच्या धाकातला साधाभोळा नाम्या तमाशाच्या नादी लागतो आणि सोंगाड्या होतो, हे त्याचे सूत्र. लगेच पुढच्या वर्षी आलेला व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ याच्या शेजारी ठेवला तर फरक उठून दिसतो. तेथे आदर्श शिक्षक तमाशाच्या संसर्गाने ढासळतो आणि ते ढासळणे शोकाचा विषय होते. ‘सोंगाड्या’त तमाशाकडे जाणे ही हसण्याची गोष्ट आहे. शिष्ट समाजाने तमाशाला दिलेले नैतिक भय या चित्रपटाने झटकून टाकले, आणि त्याच्या ओढीचे पहिले कारण येथे आहे. मुंबईत दादरच्या ‘कोहिनूर’मध्ये ठरलेला हा चित्रपट मागे टाकून देव आनंद यांच्या चित्रपटाला जागा देण्यात आली तेव्हा शिवसेना रस्त्यावर उतरली, ही हकिकत प्रसिद्ध आहे. या हास्याला भाषिक अस्मितेचे अस्तर त्या प्रसंगाने लागले. ज्याला शिष्ट मराठी माणूस घरात घेत नव्हता तो विनोद शहरात मराठीचा प्रतिनिधी ठरला.

दुसरे कारण भोळेपणात आहे. ढगळ अर्धी चड्डी, तिची लोंबती नाडी, लहान मुलासारखे बोलणे आणि आईचा धाक यांतून कोंडके यांनी जो नायक घडविला, त्याला आपण काय बोलतो याचा दुसरा अर्थ ठाऊक नसतो, किंवा ठाऊक नसल्याचे तो दाखवितो. शब्द त्याचे, अर्थ प्रेक्षकाचा. चावटपणाची जबाबदारी अशी बोलणाऱ्यावरून ऐकणाऱ्यावर ढकलली जाते. परीक्षण मंडळाची अडचण याच ठिकाणी होती. आक्षेप घ्यायचा तर आपल्याला दुसरा अर्थ ऐकू आला हे कबूल करावे लागे. १९९१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हीन प्रवृत्तींना उघडपणे चिथावणारे द्व्यर्थी शब्द नकोत असे म्हटले आहे. परंतु जे उघड आहे ते द्व्यर्थी राहत नाही, आणि द्व्यर्थी असते ते उघड नसते. नियमाच्या भाषेतली ही फट म्हणजेच या विनोदाचे घर होते.

थिएटरात बसलेला समाजही एकजिनसी नव्हता. गिरणगावात राहणारा आणि गणपतीला, शिमग्याला, सुगीला गावी जाणारा कामगार या प्रेक्षकांचा कणा होता. नायगावच्या चाळीत वाढलेल्या कोंडके यांना तो आतून ठाऊक होता. पडद्यावरच्या गावंढळाला हसताना हा प्रेक्षक कालच्या स्वतःला हसत होता, आणि त्याच गावंढळाने पाटलाला, सावकाराला, साहेबाला चकविले की आजच्या स्वतःच्या वतीने टाळ्या देत होता. याच खेळाला आलेला पांढरपेशा मात्र नुसता गावंढळाला हसत होता. एकाच वाक्यावर एकाच क्षणी उसळणारे हे दोन हशे वेगळे ओळखल्याखेरीज या चित्रपटांच्या लोकप्रियतेविषयी काही बोलता येत नाही.

६

मर्यादा सुरू होते ती माध्यमापासून. बतावणी रोज बदलते. चित्रपट एकदाच छापला जातो. पंचवीस आठवडे शहरात आणि त्यानंतर कित्येक महिने तालुक्याच्या गावी, तंबूत, जत्रेत फिरणाऱ्या फितीवर आजचा राजकीय टोला चार महिन्यांत शिळा होतो, आणि तत्पूर्वी परीक्षण मंडळाच्या हाती सापडण्याचा धोका असतोच. देहाचा विनोद शिळा होत नाही. ‘विच्छा’त एकत्र विणलेल्या दोन धाग्यांपैकी सत्तेचा धागा चित्रपटाच्या अर्थकारणाने हळूहळू सोडविला आणि देहाचा तेवढा ठेवला. अश्लीलतेच्या टीकाकारांनी या बदलाला अभिरुचीचा ऱ्हास म्हटले; प्रत्यक्षात तो पुनरुत्पादनाच्या तंत्राचा परिणाम होता. ‘पांडू हवालदार’मध्ये, म्हणजे कोंडके यांच्या पहिल्या दिग्दर्शनात, पोलीस या सत्तेच्या सर्वांत खालच्या आणि सर्वांत ओळखीच्या पायरीवर विनोद उभा असल्यामुळे दोन्ही धागे अजून दिसतात. अशोक सराफ यांच्या हवालदाराशी असलेली जोडी बतावणीतल्या दुकलीची आठवण करून देते. पुढे हा आधार सुटत गेला.

चित्रपटांच्या नावांतून हा प्रवास स्पष्ट वाचता येतो. ‘एकटा जीव सदाशिव’ ही म्हण आहे. ‘आली अंगावर’ (१९८२) हा म्हणीचाच तुकडा. मराठी माणसाच्या तोंडी असलेल्या बोलण्याला चिमटा काढून त्यातला झाकलेला अर्थ दाखवावा, अशी ही नावे आहेत. पहिला अर्थ भाषेने आधीच पुरविलेला असतो. ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’ (१९८६) किंवा ‘खोल दे मेरी जुबान’ (१९८९) ही हिंदी नावे मात्र दुसऱ्या अर्थासाठीच बनविलेली वाक्ये आहेत. त्यांना पहिला अर्थ आहे तो केवळ कायद्याच्या सोयीपुरता. गौळण ठाऊक नसलेल्या प्रेक्षकापुढे, म्हणींचा आधार नसलेल्या भाषेत हा विनोद गेला तेव्हा त्याच्याजवळ उरला तो नुसता सांगाडा. विनोद भित्तिपत्रकावरच संपू लागला. प्रेक्षकाने अर्थ शोधण्याची मौज, जी भोळ्या नायकाच्या साऱ्या रचनेचा पाया होती, ती अशा रीतीने नाहीशी झाली.

प्रेक्षकही तोपर्यंत बदलला होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव पूर्वीसारखे राहिले नाही. गाव आणि शहर या दोन्हींत एकेक पाय असलेला, दोन अर्थ एकाच वेळी जगणारा जो प्रेक्षक या विनोदाचा खरा धनी होता, त्याची वस्तीच विस्कटली. ‘गंमत जंमत’ (१९८७), ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) यांसारख्या चित्रपटांनी विनोद भाड्याच्या खोलीत, नोकरीत, शहरी मध्यमवर्गात नेला. कोंडके यांचा नायक मात्र तीच नाडी लोंबवीत राहिला. वय वाढलेल्या नटाचा भोळेपणा हळूहळू खोटा वाटू लागला. आणि भोळेपणा खोटा ठरला की द्व्यर्थी वाक्य हे सरळ सूचक वाक्य होते.

सर्वांत मोठी मर्यादा स्त्रीच्या बाबतीतली. या चित्रपटांत नायक लाजतो आणि नायिका त्याच्या मागे लागते. रूढ प्रणयाची ही उलटापालट वरवर मुक्त वाटते, आणि उषा चव्हाण यांच्या ठसकेबाज भूमिकांत मैनावतीचा काही अंश टिकून राहिला हेही खरे. परंतु चित्रपटागणिक या नायिकेच्या बोलण्यातील जाण कमी होत जाते. दुसरा अर्थ मैनावती वापरीत होती. येथे तो तिच्या तोंडून वदवून घेतला जातो. तिची इच्छा ही तिची राहत नाही, प्रेक्षकातील पुरुषाच्या इच्छेने तिचे रूप घेतलेले असते. भाषेवरचा जो ताबा तमाशातील स्त्रीने प्रतिकूल व्यवस्थेतही राखला होता, तो पडद्यावर कॅमेऱ्याच्या आणि नायकाच्या स्वाधीन झाला. जलशांनी या हशाला दिलेला नकार अशा वेळी पुन्हा आठवावा लागतो. मात्र जलशांचा आक्षेप सक्तीवर होता, आणि येथे सक्तीच्या जोडीला स्त्रीचे मौनही आले.

७

मिखाईल बाख्तीन यांनी राब्लेच्या निमित्ताने लोकहास्याची जी मीमांसा केली, तिचा आधार घेऊन कोंडके यांच्या विनोदाला ‘कार्निव्हल’ ठरविण्याचा मोह स्वाभाविक आहे. शिमग्याची आठवण असलेल्या समाजाला तो लवकर पटतोही. पण बाख्तीन यांच्या मांडणीत देहाकडे खाली खेचली जाते ती वरची, पवित्र, सत्ताधारी गोष्ट. खाली खेचण्यासाठी वर कोणी तरी असावे लागते. ‘विच्छा’त राजा आणि त्याचा पलंग होता, ‘सोंगाड्या’त तमाशाला पाप मानणारी नीती होती, ‘पांडू हवालदार’मध्ये गणवेश होता. जोवर हे ‘वर’ चित्रपटात हजर होते तोवर आचरटपणाला दिशा होती, आणि प्रेक्षकाच्या हसण्यात सुटकेचा अंश होता. ते नाहीसे झाल्यावर खाली खेचायला उरली ती नायिका.

म्हणून या चित्रपटांना दोष द्यावयाचा तर तो ते अश्लील होते म्हणून देऊन चालणार नाही; मम्मटाने दाखविल्याप्रमाणे तो दोष प्रसंगी गुण ठरतो. त्यांचा गौरवही केवळ ते बहुजनांनी पाहिले म्हणून करता येणार नाही, कारण त्या हशाची किंमत बहुजनांतल्याच स्त्रियांनी मोजली होती. ‘विच्छा’ ते ‘अंधेरी रात’ हा सुमारे वीस वर्षांचा प्रवास म्हणजे एका जिवंत संवादप्रकाराचा एका विक्रीयोग्य वस्तूत झालेला बदल आहे. तो समजून घेण्यासाठी मराठी समीक्षेला चित्रपट, लोकनाट्य, गिरणगाव आणि जात ही आजवर स्वतंत्र ठेवलेली प्रकरणे एकत्र वाचावी लागतील. ‘ग्राम्य’ या शब्दाने हा सारा इतिहास झाकून ठेवला होता. त्या शब्दाचाच दुसरा अर्थ तपासण्यापासून या अभ्यासाला सुरुवात झाली पाहिजे.